दोन डब्यांच्या मधली जागा: रेल्वेचे कपलिंग कसे सुधारत गेले

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, हे आपल्या भागात कुणी विसरलेले नाही. लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि इकडचे पाणी टँकच्या वाघिणींत भरून तिकडे न्यायचे ठरले. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, ती १२ एप्रिलला लातूरला पोचली. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या आणि एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. पाइपलाइन, पंप, वाघिणींची सफाई यांबद्दल तेव्हा भरपूर बोलले गेले. त्या पन्नास वाघिणी एकमेकींना धरून कशा राहिल्या, याबद्दल मात्र कुठे काही वाचल्याचे आठवत नाही. हा लेख त्याच जोडणीबद्दल आहे. आपण तिला सरळ कपलिंग म्हणतो.

आधी थोडा हिशेब करू. पन्नास हजार लिटर पाणी म्हणजे ५० टन. रिकामी टँक वाघीण साधारण २७ टनांची. भरलेली एक वाघीण ७७ टन आणि अशा पन्नास म्हणजे ३,८५० टन. इंजिन यातली फक्त पहिली वाघीण ओढते. दुसरीला पहिली ओढते, तिसरीला दुसरी. त्यामुळे सगळ्यात मागच्या कपलिंगवर एका वाघिणीचा भार येतो आणि इंजिनाला लागून असलेल्या कपलिंगवर पन्नासच्या पन्नास वाघिणींचा.

सपाट रुळावर गाडी एकदा चालू लागली की एक टन वजन हलते ठेवायला साधारण दोन किलोची ओढ पुरते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते, त्याचा हा फायदा. म्हणून सपाटीवर पहिल्या कपलिंगवर आठेक टनांची ओढ येईल. पण शंभर मीटरला एक मीटर एवढा चढ लागला, की वजनाचा शंभरावा भाग थेट मागे खेचू लागतो. म्हणजे आणखी ३८ टन. दोन्ही मिळून ४६ टनांची ओढ एका पोलादी आकड्यातून जाते. पुणे-मिरज मार्गावर शिंदवण्याचा आणि आदर्कीचा घाट ज्यांनी मालगाडीच्या मागे रखडत काढला आहे, त्यांना चढ म्हणजे काय ते सांगायला नको.

ओढ सहन करणे हे कपलिंगचे अर्धेच काम. ब्रेक लागला की मागच्या वाघिणी पुढच्यांवर लोटतात, तो दाबही त्यालाच घ्यायचा असतो. वळणावर डाव्या-उजव्या बाजूला वळायचे असते. भरलेली वाघीण स्प्रिंगवर खाली बसते, रिकामी वर राहते, तो फरकही सांभाळायचा असतो. आपल्या ब्रॉडगेजवर कपलिंगची रुळापासूनची उंची १,१०५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि भार पडल्यावर १,०३० मिलिमीटरपेक्षा कमी होऊ नये, असा नियम आहे. हा सगळा व्याप सांभाळून ते हवे तेव्हा चटकन सुटायलाही हवे.

या यादीत आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच पहिली धरायला हवी: हे जोडताना आणि सोडताना माणूस कुठे उभा असतो? कपलिंगच्या सुधारणेचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. ताकद वाढवणे तुलनेने सोपे होते. माणसाला दोन डब्यांच्या मधून बाहेर काढणे अवघड गेले, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही.

पिन, कडी आणि तुटलेली बोटे

अमेरिकेत रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात वाघिणी जोडायची रीत अगदी साधी होती. दोन्ही वाघिणींच्या टोकांना पोकळ तोंडे, त्यांच्यात एक लांबट कडी आणि वरून घातलेल्या दोन पिना. आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात ती पद्धत हीच आहे. ड्रायव्हर ट्रॅक्टर मागे घेतो, एक जण मध्ये उभा राहून भोके जुळवतो आणि नेमक्या क्षणी पिन टाकतो. ट्रॅक्टर चार बोटे जास्त मागे आला तर काय होते, हे कारखान्याच्या अड्ड्यावर वावरणाऱ्या कुणालाही विचारा. आता ट्रॅक्टरच्या जागी इंजिन ठेवा आणि ट्रॉलीच्या जागी वीस-तीस टनांची वाघीण. ड्रायव्हरला मधला माणूस दिसत नाही, रात्र आहे, पायाखाली बर्फ आहे, आणि असे दिवसातून कितीतरी वेळा करायचे आहे. त्या काळी अमेरिकेत नोकरी मागायला आलेल्या ब्रेकमनची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आणि ब्रेक लावणाऱ्या कामगाराची, बोटे शाबूत नसली, तर तो अनुभवी आहे असे समजत.

यावर उपाय काढला एली जॅनी या गृहस्थाने. हा इंजिनिअर नव्हता. यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात होता आणि युद्धानंतर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी कापडाच्या दुकानात कारकुनी करत होता. त्याने लाकूड तासून नमुना बनवला आणि १८७३ मध्ये पेटंट घेतले. आज आपल्या मालगाडीच्या टोकाला जे जाडजूड पोलादी तोंड दिसते, ते मूळचे त्याच्याच कल्पनेतून आलेले.

पण शोध लागला म्हणून तो वापरात आला, असे झाले नाही. प्रत्येक कंपनीचा डबा वेगळा, खर्च कुणी करायचा यावर वाद, आणि कामगाराचा हात स्वस्त. लोरेन्झो कॉफिन नावाचा आयोवातला एक शेतकरी या मागणीसाठी वर्षानुवर्षे कंपन्यांच्या आणि सरकारच्या दारी खेटे घालत राहिला. १८८९ मध्ये अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी अमेरिकी संसदेपुढे सांगितले, की रेल्वेच्या कामगाराला लढाईतल्या सैनिकाइतका जिवाचा धोका पत्करावा लागतो आणि हे लांच्छनास्पद आहे. १८९३ मध्ये कायदा झाला: डबे आपोआप जोडले गेले पाहिजेत आणि ते सोडवायला माणसाला मध्ये जावे लागता कामा नये. त्यातही मुदत वाढत वाढत १९०० उजाडले. पेटंट ते सक्ती यांच्यामध्ये सत्तावीस वर्षे गेली. तंत्र हाताशी असताना या मधल्या काळात माणसे चिरडत राहिली, हे मला या सगळ्या कहाणीतले सर्वात क्लेशकारक वाटते.

कायदा झाल्यावरही एक पळवाट निघाली. ऑगस्ट १९०० मध्ये युटा राज्यात जॉन्सन नावाचा ब्रेकमन इंजिनाला डायनिंग कार जोडत होता. इंजिनाला जॅनीचे कपलर होते, डब्याला मिलर हुक. दोन्ही आपापल्या जातीत आपोआप जोडली जाणारी, पण एकमेकांशी जुळेनात. जॉन्सनला मध्ये जावे लागले आणि त्याचा हात चिरडला, तो कापावा लागला. खालच्या कोर्टांनी कंपनीची बाजू घेतली. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवले: दोन्ही वाहनांवर आपोआप जोडणारे यंत्र आहे एवढे पुरत नाही, ती एकमेकांना आपोआप जोडली गेली पाहिजेत. वाचताना बाब बारीक वाटते. पण कपलिंग सुधारण्यातली सगळी अडचण त्या एका वाक्यात आहे. ही एकट्या डब्याची वस्तू नाही. देशभरातल्या कोणत्याही डब्याचे तोंड दुसऱ्या कोणत्याही डब्याशी जुळावे लागते.

नकल कसे काम करते

मिरज जंक्शनच्या पुलावरून खाली उभ्या मालगाडीकडे पाहिलेत, तर दोन वाघिणींच्या मधोमध एकमेकांत गुंतलेली दोन तोंडे दिसतील. याला सेंटर बफर कपलर म्हणतात, रेल्वेच्या बोलीत सीबीसी. प्रत्येक तोंडाला दोन बाजू असतात. एक बाजू पक्की, हलत नाही. दुसऱ्या बाजूला उभ्या पिनेवर फिरणारा एक जाड पोलादी तुकडा असतो, तो नकल (इंग्रजी knuckle). नकलचे पुढचे टोक बाहेर दिसते, त्याची शेपटी तोंडाच्या पोकळीत आत जाते.

जोडताना निदान एका बाजूचे नकल उघडे ठेवावे लागते. इंजिन हळूहळू दाबत आणते, समोरचे तोंड उघड्या नकलवर आपटते आणि ते आतल्या बाजूला फिरते. ते पुरते फिरले, की आत वर टेकून बसलेला एक लोखंडी ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि नकलच्या शेपटीपुढे आडवा येतो. हे कुलूप. आता नकलला परत उघडायला जागाच नाही. कितीही जोराने ओढा, जोर त्या ठोकळ्यावर आणि तोंडाच्या भिंतीवर जातो. इथे स्प्रिंग नाही, वीज नाही, हवा नाही, ठोकळा पडतो तो निव्वळ गुरुत्वाकर्षणाने. म्हणूनच धूळ, चिखल, पाऊस, आणि दीडशे वर्षे, या सगळ्यांना ही रचना पुरून उरली.

सोडवताना वाघिणीच्या कडेला असलेला दांडा फिरवायचा. तो आतला ठोकळा वर उचलतो आणि इंजिन पुढे सरकले की नकल उघडते. दांडा कडेला आहे, हे महत्त्वाचे. माणूस बाहेर उभा राहून कपलिंग उघडू शकतो.

यातल्या नकलबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. जोडणीतला सगळ्यात कमजोर भाग म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. ओढ हाताबाहेर गेली तर काहीतरी तुटणारच. मग वाघिणीची चौकट किंवा कपलरचा आतला दांडा तुटण्यापेक्षा नकल तुटलेले बरे, कारण पिन काढून ते रुळावरच बदलता येते. वजन तीस-चाळीस किलोच्या घरात, दोन माणसे उचलू शकतात.

नकल ओतीव पोलादाचे असते. कुपवाडच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना ओतकामातले ब्लो होल माहीत असते: धातू थिजताना आत अडकलेल्या वायूची पोकळी. वरून काही दिसत नाही. पण नकलवर एकदाच मोठा जोर येऊन ते तुटते असे सहसा होत नाही. ओढ, दाब, ओढ, दाब असे लाखो वेळा होते. आतल्या त्या पोकळीपाशी केसासारखी चीर सुरू होते, दर झटक्याला जराशी पुढे सरकते आणि एके दिवशी उरलेले पोलाद भार पेलू शकत नाही. म्हणून कपलरमधली अलीकडची बरीचशी सुधारणा आकारात झालेली नाही. ती झाली आहे जास्त ताकदीच्या पोलादात, ओतकामाच्या शुद्धतेत आणि चिरा शोधण्याच्या तपासणीत. बाहेरून कपलर तेच दिसते, आतला माल वेगळा असतो.

आणि तुटलेच, तर? दोन वाघिणींच्या मधून ब्रेकच्या हवेचा रबरी पाइप गेलेला असतो. ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा असते. ही हवा असते तोवर ब्रेक सुटलेले राहतात आणि हवा गेली की ब्रेक लागतात. गाडी तुटली की पाइपही सुटतो, हवा निघून जाते आणि पुढचा-मागचा, दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. ही उलटी रचना जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये आणली. अमेरिकेच्या १८९३ च्या कायद्यात कपलर आणि एअरब्रेक दोन्ही एकत्र होते ते उगीच नाही. गाडी स्टेशनातून जाताना स्टेशनवरचा माणूस शेवटच्या डब्याची खूण डोळ्यांनी पाहतो, तेही याचसाठी. खूण गेली म्हणजे गाडी अख्खी गेली.

धक्का कुठून येतो

नकल एकमेकांत सहज गुंतावे म्हणून त्यांच्यात थोडी सैल जागा ठेवावीच लागते. शिवाय प्रत्येक कपलरच्या मागे एक पेटी असते, ड्राफ्ट गिअर. तिच्यात एकमेकांवर घासणाऱ्या पोलादी पाचरी, स्प्रिंगा किंवा रबरी थर असतात. आदळआपट झाली की ती दबते आणि धक्क्यातली बरीच ऊर्जा घर्षणात, म्हणजे उष्णतेत, जिरवते. ती नसती तर पायी चालण्याच्या वेगाने झालेल्या जोडणीनेही वाघिणीची चौकट वाकली असती.

सैल जागेचा फायदाही आहे. जड मालगाडी सुरू करताना एकाच वेळी सगळ्या वाघिणी हलवाव्या लागत नाहीत. पहिली हलते, मग दुसरी, मग तिसरी. यार्डातून मालगाडी निघताना खण्-खण्-खण् असा आवाज पुढून मागे धावत जातो, तो याचाच.

पण हाच सैलपणा घातकही ठरतो. समजा, एका जोडणीत तीन सेंटिमीटर सैल जागा आहे. ५८ वाघिणींच्या गाडीत ती मिळून पावणेदोन मीटरच्या आसपास भरते. इंजिनाने ओढ दिली, की पुढच्या वाघिणी वेग घेऊ लागतात आणि शेवटची अजून जागच्या जागी उभी असते. तिच्यापर्यंत ओढ पोचते तेव्हा ती एका झटक्यात पोचते. सैल जागा पुढून संपत येते, त्यामुळे मागच्या टोकाला झटका जास्त. घाटमाथ्यावर तर गाडीचा पुढचा भाग उतरणीला लागलेला आणि मागचा अजून चढतो आहे अशी स्थिती येते. अशा वेळी एकाच गाडीत काही कपलिंगवर ओढ आणि काहींवर दाब असतो, आणि लोको पायलटला ते अंगाने ओळखून ब्रेक आणि जोर सांभाळावा लागतो. हे कसब कोणत्याही यंत्राइतकेच मोलाचे आहे.

इथे विषयाला थोडा सोडून, पण कळकळीने सांगतो. आपल्याकडच्या लहान स्टेशनांवर मालगाडी उभी असली की लोक कपलिंगवर पाय देऊन पलीकडे जातात. पिशव्या घेतलेल्या बाया, शाळेची मुलेही. गाडी उभी दिसते, इंजिन सहाशे मीटर लांब असते, त्याची शिटी ऐकू येतेच असे नाही. आणि वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या पायाखालची वाघीण हळूहळू हलू लागत नाही, ती एकदम झटक्याने हलते. ज्या जागेतून कामगाराला बाहेर काढायला सत्तावीस वर्षे लागली, तिथे आपण वेळ वाचवायला शिरतो. तसे करू नका. पूल लांब असला तरी पुलावरून जा.

हुक आणि बफर ते एलएचबी

प्रवासी गाड्यांची गोष्ट थोडी निराळी झाली. मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज, अशा तिन्ही गेजच्या गाड्या येत. मीटरगेजच्या डब्यांना मधोमध एकच बफर, म्हणजे दाब झेलणारा दट्ट्या, असे. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यातल्या जुन्या निळ्या ब्रॉडगेज डब्यांना दोन बाजूंना दोन गोल बफर आणि मध्ये हुक असे. ही युरोपातून, इंग्रजांबरोबर आलेली पद्धत.

त्यातले स्क्रू कपलिंग जोडण्यासाठी माणूस वाकून बफरांच्या खालून मध्ये शिरतो, वजनदार कडी उचलून समोरच्या हुकात टाकतो आणि दांडा फिरवून स्क्रू आवळत जातो. दोन्ही डब्यांचे बफर एकमेकांना टेकून दबेपर्यंत आवळायचे. असे आवळलेले डबे ओढीला हुकाने आणि दाबाला बफरने कायम ताणलेले राहतात, मध्ये सैल जागा उरत नाही. म्हणून त्या जुन्या डब्यांतला प्रवास, निदान धक्क्यांच्या बाबतीत, शांत असे. प्रवासी आरामात झोपावा म्हणून पॉइंट्समन, म्हणजे डबे जोडणारा-सोडणारा कर्मचारी, बफरांच्या मध्ये वाकलेला, असा तो सौदा होता.

अपघातात त्याची दुसरी उणीव उघडी पडे. डबा रुळावरून घसरला की कडी हुकातून निसटू शकते, बफर एकमेकांवरून घसरतात आणि मागचा डबा पुढच्यावर चढतो. आपल्या जुन्या अपघातांच्या फोटोंत एकावर एक चढलेले डबे दिसतात, त्यात बळी गेलेली बरीच माणसे या चढण्याने चिरडलेली असत.

साधारण २००० सालापासून आपल्याकडे जर्मन रचनेचे एलएचबी डबे आले आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईच्या कारखान्याने जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा बनवून ते उत्पादन थांबवले. एलएचबीला बफर नाहीत, मधोमध एच प्रकारचे टाइट लॉक कपलर आहे. मुळात ते नकलच, पण त्याच्या तोंडाला कडेने खाचा आणि शिंगासारखे उंचवटे असतात, जे समोरच्या तोंडात घट्ट बसतात. मालगाडीचे साधे नकल वर-खाली सरकू शकते. हे सरकत नाही. डबे रुळावरून उतरले तरी एकमेकांना धरून ठेवतात, एकमेकांवर चढत नाहीत. मला विचाराल तर प्रवाशाचा जीव वाचवणाऱ्या गेल्या काही दशकांतल्या सुधारणांत ही फार वरच्या क्रमांकाची आहे, आणि तिकीट काढणाऱ्या कुणाला तिचे नावही माहीत नसते.

सुरुवातीला एलएचबीच्या गाड्यांत प्रवाशांची एकच तक्रार असे: गाडी सुटताना आणि थांबताना धक्के फार बसतात. कारण तेच. स्क्रूने आवळलेला ताण गेला, नकल आणि ड्राफ्ट गिअर आले. आतल्या गिअरने ओढीला एक आणि दाबाला दुसरा असा वेगळा प्रतिसाद दिला, की प्रत्येक बदलाला डबा दचकतो. त्यावर बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर आणले गेले, जे ओढ आणि दाब दोन्हींना सारखेच तोलून घेते. जुन्या आणि नव्या पद्धती एकत्र चालवायच्या असल्यामुळे इंजिनांना मात्र बरीच वर्षे दोन्ही सोयी ठेवाव्या लागल्या: मधले नकल, त्याच्यावर लटकवता येणारी स्क्रूची कडी, आणि बाजूचे बफर.

सप्टेंबर २०२४ पासून सातारा, सांगली, मिरज या स्टेशनांवर थांबणाऱ्या वंदे भारतमध्ये हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला आहे. तिला वेगळे इंजिन नाही, मोटारी डब्यांच्या खालीच वाटून बसवल्या आहेत. त्यामुळे एका कपलिंगवर सगळ्या गाडीची ओढ येत नाही. आतले डबे जवळपास कायमचे जोडलेले असतात, ते वर्कशॉपमध्येच सुटतात. रोज जोडायचे-सोडायचेच नसेल, तर सैल जागा ठेवायचे कारणही उरत नाही.

उरलेले काम

मिरजेत अजूनही पाहता येते. कोल्हापूरहून आलेल्या गाडीला बेळगावकडे जायचे असेल, तर इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावतात. इंजिन हळूहळू येते, पॉइंट्समन बाजूला उभा राहून हाताने खूण करतो, नकल गुंतते, कुलूप पडते. इथवर जॅनीचे काम झाले. मग तोच पॉइंट्समन वाकून इंजिन आणि डब्याच्या मध्ये शिरतो. कारण हवेचे पाइप हातानेच जोडावे लागतात: एक ब्रेक पाइप, एक फीड पाइप. इंजिनातून दिवे-पंख्यांसाठी वीज घेणारी गाडी असेल तर विजेची जाड केबलही.

सोडवताना क्रम उलटा. आधी दोन्हीकडचे अँगल कॉक, म्हणजे हवेच्या पाइपांच्या तोट्या, बंद करायचे, मग पाइप सोडायचे, मग कपलरचा दांडा. माणूस आत असताना इंजिन तसूभरही हलता कामा नये, आणि हे सगळे एका हाताच्या खुणेवर, एका शिटीवर, दोन माणसांच्या आपसातल्या समजुतीवर चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या बरौनी जंक्शनवर इंजिन सोडवण्याच्या कामात एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या मध्ये चिरडून गेला. त्याचा फोटो देशभर फिरला. चार दिवस हळहळ झाली. पॉइंट्समनला रोज तिथे शिरावेच का लागते, यावर मात्र तेवढी चर्चा झाली नाही.

यावरचे तंत्र नवे नाही. कार्ल शार्फेनबर्ग या जर्मन इंजिनिअरने १९०३ च्या सुमारास असे कपलर बनवले, जे तोंडे भिडताच घट्ट बसते आणि त्याच तोंडातून हवेची आणि पुढे विजेची जोडणीही करू देते. जगभरच्या मेट्रो आणि लोकल गाड्यांत आज याच कुळातली कपलर आहेत. ते ओढीला नकलइतके दणकट नसते आणि महाग असते, म्हणून जड मालगाड्यांनी ते घेतले नाही.

गंमत अशी की सगळ्यात मागे राहिला तो युरोप. तिथल्या मालगाड्या आजही बहुतांश हुक आणि स्क्रूवर चालतात. त्या कडीची ताकद कमी, त्यामुळे गाडी फार जड करता येत नाही, आणि दर जोडणीला माणूस मध्ये शिरतो. १९७० च्या दशकात बदलाचा मोठा प्रयत्न झाला, तो तडीस गेला नाही, कारण वाघिणी अनेक देशांच्या आणि अनेक मालकांच्या. आता डिजिटल ऑटोमॅटिक कपलिंग नावाने तो पुन्हा सुरू आहे. २०२१ मध्ये त्यासाठी शार्फेनबर्ग धर्तीचे तोंड निवडले गेले. डबे, हवा, वीज आणि माहितीची तार, सगळे एका भिडण्यात जोडले जावे असा त्याचा हेतू आहे. माहितीची तार आली की गाडी अख्खी आहे का, कोणत्या वाघिणीचा ब्रेक लागला नाही, हे लोको पायलटला बसल्या जागी कळेल.

अडचण तीच, जी जॉन्सनच्या खटल्यात होती. युरोपातल्या चार लाखांहून जास्त वाघिणींपैकी निम्म्यांनाच नवे तोंड बसले, तर उरलेल्या निम्म्यांशी त्या जुळणार कशा? रशियाने स्वतःचे आपोआप जोडणारे कपलर १९३५ पासून बसवत १९५७ मध्ये काम संपवले, बावीस वर्षे दोन्ही पद्धती सांभाळत. जपानने उलटे केले. आधी कित्येक वर्षे तयारी करून नवी कपलर वाघिणींच्या खाली बांधून ठेवली, आणि १७ जुलै १९२५ रोजी होन्शू बेटावरच्या मालगाड्या थांबवून सगळ्या वाघिणींची तोंडे एका दिवसात बदलली. क्युशू बेटावर तेच तीन दिवसांनी केले.

आपली स्थिती युरोपपेक्षा बरी आहे. ब्रॉडगेजच्या मालवाघिणींना नकल आहेच, प्रवासी डबे एलएचबी होत आहेत, म्हणजे ओढीचा आणि चढण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. उरले ते पाइप आणि केबल. सगळ्या वाघिणी बदलायची वाट पाहायची गरज नाही. जिथे दिवसभर इंजिने बदलतात अशा मिरजेसारख्या जंक्शनांवर रोज येणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या दोन टोकांना आणि त्यांच्या इंजिनांना हवा-विजेसह जोडणारे तोंड बसवले, तर पॉइंट्समन ज्या जागी सर्वाधिक वेळा आत शिरतो तिथली ये-जा आधी थांबेल. गाडीच्या आतल्या जोडण्या रोज सुटत नाहीत, त्या मागाहून बदलता येतील.